शारीरिक शिक्षणाची पदवी : खर्च किती, मोल किती?

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. मानवतचे माझे जुने स्नेही, तेथील बाजारपेठेत तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान सांभाळणारे अण्णा, नातीला घेऊन सकाळीच परभणीला आमच्या घरी आले. हातातील पिशवीत दोन महाविद्यालयांची रंगीत माहितीपत्रके होती, एका कागदावर कोणीतरी पेन्सिलीने लिहून दिलेले काही आकडे होते आणि सर्वांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, पाथरी रस्त्यावरील एका भूखंडाचे खरेदीखत होते. जय जिनेंद्र झाले, चहा झाला आणि अण्णांनी खरेदीखत माझ्यापुढे ठेवले. ‘‘साहेब, हा प्लॉट काढला तर पोरीचं शिक्षण पूर्ण होईल ना, तेवढं सांगा.’’ मला सेवानिवृत्त होऊन सहा वर्षे उलटली, तरी अण्णांच्या तोंडचे ‘साहेब’ सुटलेले नाही.

नात वाणिज्य शाखेतून बारावी झालेली. खो-खो खेळते, शालेय स्पर्धांत जिल्ह्याकडून विभागापर्यंत आणि एकदा राज्यस्तरापर्यंत जाऊन आली आहे. तिला ‘फिटनेस’च्या क्षेत्रात जायचे आहे. आपल्या व्यापारी घरांत सी.ए., सी.एस., एम.बी.ए. ही अक्षरे आता आजी-आजोबांनाही पाठ झाली आहेत, बी.पी.ई.एस. किंवा बी.पी.एड. म्हटले, की मात्र ‘म्हणजे पी.टी.चे मास्तर ना?’ हा प्रश्न येतो आणि पुढची चौकशी थांबते. चौकशी थांबते तेथेच पैसा चुकीच्या जागी जातो, हे मी बँकेच्या नोकरीत पुष्कळदा पाहिले. म्हणून अण्णांना त्या दिवशी उत्तर दिले नाही. ‘‘मला तीन संध्याकाळी द्या, हिशेब मांडू,’’ एवढेच म्हटले. त्या हिशेबातील जो भाग इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल, तो येथे देत आहे.

प्रथम नावांचा गोंधळ दूर केला पाहिजे. माहितीपत्रकांतून सर्वच पदव्या एकसारख्या चकाकतात. परंतु त्या दोन निरनिराळ्या घरच्या आहेत. डी.पी.एड., बी.पी.एड. आणि एम.पी.एड. हे अभ्यासक्रम शिक्षक घडविण्यासाठी आहेत आणि त्यांना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते. डी.पी.एड. बारावीनंतर दोन वर्षांचे. बी.पी.एड. कोणत्याही पदवीनंतर, पूर्वी ते एका वर्षाचे होते, परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने ते दोन वर्षांचे झाले. एम.पी.एड. त्यानंतर आणखी दोन वर्षे. याउलट बी.पी.ई.एस. किंवा क्रीडाविज्ञानातील बी.एस्सी. या बारावीनंतरच्या विद्यापीठीय पदव्या आहेत. त्या शरीराचे आणि खेळाचे शास्त्र शिकवितात, परंतु केवळ त्यांच्या बळावर माध्यमिक शाळेत शिक्षक होता येत नाही. त्यासाठी पुढे बी.पी.एड. करावेच लागते. अण्णांच्या पिशवीतील पहिले माहितीपत्रक पुण्याकडील एका खाजगी विद्यापीठाच्या बी.एस्सी.चे होते, दुसरे एका बी.पी.ई.एस. महाविद्यालयाचे. ‘तीन वर्षांत शिक्षिका होईल’ अशी समजूत अण्णांनी दोन्हींविषयी करून घेतली होती. माहितीपत्रकात तसे कोठेही लिहिलेले नव्हते. तसे नाही, असेही लिहिलेले नव्हते.

ही पदवी शिक्षकाच्या साच्यातूनच का निघाली, यामागे इतिहास आहे आणि तो आपल्या भागाशी नाते सांगणारा आहे. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी आखाडा सुरू केला. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ तेथे दाखविले होते. मद्रासला १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण विद्यालय काढले. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला जी संस्था काढली, ती शाळांना व्यायामशिक्षक पुरविण्यासाठीच. स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये, अठराशे सत्तावन्नच्या शताब्दीच्या वर्षी, ग्वाल्हेरला लक्ष्मीबाईंच्या नावाने राष्ट्रीय महाविद्यालय झाले. या साऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक एकच होते, ते म्हणजे शाळा. त्या काळी ‘जिम’ नव्हती, तालीम होती. आणि तालमीतला वस्ताद कोणाकडे पदवीचा कागद मागत नसे. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्याकडे या विद्येची महाविद्यालये उशिरा आली. आज परभणी, नांदेड, लातूर आणि हिंगोली हे चार जिल्हे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. मुलाला पदवीसाठी पुण्यालाच धाडले पाहिजे, ही सक्ती उरलेली नाही. सवय मात्र उरली आहे.

आता मुख्य गोष्ट. शुल्क किती, हा पहिला प्रश्न नव्हे. ही पदवी कोणते दार उघडते आणि त्या दाराआड आज जागा आहे का, हा पहिला प्रश्न. बँकेत कर्जदार आला, की आम्ही यंत्राची किंमत नंतर विचारीत असू. यंत्रावर काय निघणार आणि ते कोठे विकले जाणार, हे आधी विचारीत असू. शिक्षणकर्जाच्या बाबतीत मात्र मी स्वतः हा नियम एकदा मोडला, आणि तो प्रसंग या लेखात टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

भारतीय बँक संघाची आदर्श शिक्षणकर्ज योजना २००१ मध्ये आली. त्यानंतर काही वर्षांनी मी या जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत असताना एक शेतकऱ्याचा मुलगा बी.पी.एड.साठी कर्ज मागण्यास आला. कबड्डीचा चांगला खेळाडू, कागदपत्रे चोख, महाविद्यालयाचे शुल्कपत्र जोडलेले. मी शुल्कपत्र पाहिले आणि कर्ज मंजूर केले. पास झाल्यावर नोकरी कोठे आणि कोणत्या पगारावर, हे मी विचारले नाही. त्यालाही ते ठाऊक नव्हते. तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला आणि एका विनाअनुदानित शाळेत लागला. तेथे हजेरीपटावर पगार एक आणि हातात पडणारा पगार दुसरा. हप्ते थकले. वडिलांनी कापसाच्या पैशातून काही भरले, काही आईच्या पाटल्यांतून भरले गेले. त्या कर्जाच्या मंजुरीवर माझी सही आहे आणि वसुलीच्या नोटिशीवरही माझीच आहे. मुलात काही उणे नव्हते. जमाखर्चाची एकच बाजू मी पाहिली होती.

म्हणून अण्णांच्या नातीसाठी दुसरी बाजू आधी पाहिली. शाळेचे दार घ्या. अनुदानित शाळांतील शिक्षकभरती आता सर्वसाधारणपणे पवित्र पोर्टलद्वारे होते आणि त्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. २०१७ नंतर ही चाचणी थेट २०२३ मध्ये झाली. म्हणजे एखाद्या मुलीने मधल्या काळात बी.पी.एड. पूर्ण केले असेल, तर तिची कित्येक वर्षे केवळ वाट पाहण्यात गेली. निवड झाली, की पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक. हे मानधन पूर्वी माध्यमिकसाठी ८,००० रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १८,००० झाले. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी सुरू होते आणि मग ती नोकरी खरोखरच चांगली आहे, यात शंका नाही. अण्णांच्या मनात त्यापुढे पेन्शनही होती. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले.

पदांचे गणितही समजून घेतले पाहिजे. २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयानंतर संचमान्यता विद्यार्थिसंख्येवर घट्ट बांधली गेली. लहान शाळेत गणित आणि भाषा यांचे शिक्षक आधी भरले जातात. मैदानाचा क्रमांक मागे लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडून पाहा. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा अधिक मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे तेथे म्हटले आहे. ‘अंशकालीन’ या एका शब्दावर कित्येक पदवीधरांचा संसार अडलेला आहे. विषय सक्तीचा, शिक्षक तासिकेपुरता. याबद्दल शासनाला बोल लावावा तेवढा थोडा. परंतु बोल लावून हप्ता भरला जात नाही. शिवाय शाळा ‘टप्पा अनुदानित’ आहे, असे कोणी अभिमानाने सांगितले, तर टप्पा किती टक्क्यांचा, हे विचारावे. वीस टक्के अनुदान याचा अर्थ शासनाकडून येणारा पगार वीस टक्के.

महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकाचे पद हे या क्षेत्रातील सर्वांत भरवशाचे. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. त्यासाठी एम.पी.एड.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आणखी एक अट आहे, जी मला फार आवडली. उमेदवाराने धावून दाखवावे लागते! तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषाला बारा मिनिटांत १,८०० मीटर, स्त्रीला आठ मिनिटांत १,००० मीटर. आम्हां बँकवाल्यांना पदोन्नतीच्या वेळी अशी अट असती, तर निम्मे व्यवस्थापक लिपिक म्हणूनच निवृत्त झाले असते. परंतु एका महाविद्यालयात असे पद बहुधा एकच, आणि तेथवर पोचायला बारावीनंतर सात वर्षे.

आता खर्च. पुढील आकडे अण्णांच्या माहितीपत्रकांवरून आणि आमच्या अंदाजावरून मांडले आहेत. प्रत्येक कुटुंबाने आपले आकडे घालावेत, रीत तीच राहील. पहिले माहितीपत्रक, खाजगी विद्यापीठाचे. वार्षिक शुल्क १,२५,०००, वसतिगृह व भोजन ९०,०००, किट, शिबिरे व प्रवास २५,०००. वर्षाचे २,४०,००० आणि तीन वर्षांचे ७,२०,००० रुपये. यानंतर शाळेचे दार हवे असेल, तर बी.पी.एड.ची दोन वर्षे. दुसरे माहितीपत्रक, बी.पी.ई.एस.चे. शुल्क ४०,००० आणि राहण्याजेवण्याचे ८०,००० मिळून वर्षाचे १,२०,०००. तीन वर्षांचे ३,६०,०००. पुढे त्याच दराने बी.पी.एड.चे २,४०,०००. एकूण सहा लाख.

येथे मी अण्णांपुढे एक तिसरा मार्ग ठेवला, जो कोणत्याच माहितीपत्रकात नसतो, कारण तो विकून कोणाचा फायदा होत नाही. बी.पी.एड.च्या प्रवेशासाठी शारीरिक शिक्षणाचीच आधीची पदवी लागते, असे नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार कोणत्याही शाखेची पदवी ५० टक्के गुणांसह आणि आंतरमहाविद्यालयीन किंवा जिल्हा स्तरासारख्या मान्यताप्राप्त स्पर्धेतील सहभाग, एवढे पुरते. शारीरिक शिक्षणाची पदवी असेल, तर ४५ टक्के. म्हणजे घरी राहून, जवळच्या महाविद्यालयातून बी.कॉम. करायचे, तीन वर्षे विद्यापीठाच्या स्पर्धा सोडायच्या नाहीत, प्रत्येक सहभागाचे प्रमाणपत्र जपून ठेवायचे आणि मग राज्य सीईटी कक्षाची बी.पी.एड. प्रवेशपरीक्षा द्यायची. या परीक्षेत लेखी भागाबरोबर मैदानी चाचणीही असते. घरून बी.कॉम.चे शुल्क, पुस्तके, बूट, किट, स्पर्धांचा प्रवास असे सर्व मिळून वर्षाला ३०,००० धरले, तर तीन वर्षांचे ९०,०००. पुढे बी.पी.एड.चे २,४०,०००. एकूण ३,३०,०००. बी.पी.ई.एस.च्या मार्गापेक्षा २,७०,००० रुपये कमी. वर्षे तेवढीच पाच. आणि दार तेच. शिवाय नोकरी नच मिळाली, तर हातात वाणिज्य पदवी, जी दुकानापासून बँकेच्या स्पर्धापरीक्षेपर्यंत कोठेही चालते. बी.पी.एड.चे महाविद्यालय नांदेडच्या बाजूला मिळाले, तर परभणी-पूर्णेकडून रेल्वेचा विद्यार्थी पास काढून घरूनही जाता येते. मग त्या दोन वर्षांतला वसतिगृहाचा खर्चही गळतो.

नात मात्र गप्प बसणारी नव्हती. ‘‘पण आजोबा, बी.कॉम.मध्ये स्नायू कुठं शिकवतात?’’ तिचा प्रश्न बरोबर होता आणि मला तो मान्य करावा लागला. शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे शास्त्र, दुखापतींची काळजी, आहार हे विषय तीन वर्षे मैदानावर आणि प्रयोगशाळेत शिकलेली मुलगी आणि बी.कॉम. नंतर दोन वर्षांत ते उरकलेली मुलगी यांच्यात फरक राहणारच. स्वस्त ते नेहमीच चांगले, असे म्हणणारा माणूस दुकानदारही चांगला नसतो आणि बँकरही नाही. बी.पी.ई.एस.चे जास्तीचे २,७०,००० रुपये वसूल होतात; परंतु ते त्या महाविद्यालयात खरोखर शिकवितात, तरच. काही ठिकाणी विद्यार्थी फक्त परीक्षेला येतात आणि हजेरी कागदोपत्री लागते, हे या क्षेत्रातील उघड गुपित आहे.

मग ओळखायचे कसे? बँकेत मालतारण कर्ज दिले, की आम्ही गोदामाची तपासणी न कळविता करीत असू. वहीत शंभर पोती आणि गोदामात साठ, असे प्रकार त्यातूनच उघडकीस येत. महाविद्यालयही तसेच पाहावे. दुपारी प्राचार्यांच्या दालनात जाऊन चहा घेऊ नये. सकाळी सहाला मैदानावर जावे. धावपट्टी आखलेली आहे का, किती मुले प्रत्यक्ष धावत आहेत, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आहे का, प्रयोगशाळेतील यंत्रांवरची धूळ किती जुनी आहे. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांचे दूरध्वनी मागावेत. संस्थेने दिले नाहीत, तर तेही उत्तरच. बी.पी.एड. असेल, तर परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीची मान्यता आज चालू आहे का, हे त्यांच्या यादीत स्वतः पाहावे, फ्रेम करून लावलेल्या जुन्या पत्रावर विसंबू नये. अण्णा आणि त्यांचा मुलगा खरोखरच एका पहाटे गाडी काढून गेले. परत आल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, ‘‘मैदानात शेळ्या होत्या, साहेब.’’

पेन्सिलीने लिहिलेल्या तिसऱ्या कागदाबद्दल लिहू की नको, असा विचार केला, पण लिहितो. एका दूरच्या नातलगामार्फत निरोप आला होता, की मुलगी पदवीधर झाली, की बी.पी.एड.ची जागा आणि त्यानंतर एका शाळेत ‘ऑर्डर’, दोन्ही मिळून अमुक लाख. निम्मे आत्ता द्यावेत. भूखंड विकण्याचे खरे कारण हा कागद होता. महाराष्ट्रात प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरविण्यासाठी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणून पाहा. पावती नाही, मुदत नाही, तारण नाही, आणि ज्या पदाचे पैसे घ्यायचे ते पद पाच वर्षांनी मंजूर असेल की नाही, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही. असा प्रस्ताव घेऊन एखादा व्यापारी अण्णांच्या दुकानात आला असता, तर अण्णांनी त्याला पायरीवरूनच परत पाठविले असते. नातीच्या काळजीपोटी माणूस दुकानातले शहाणपण घरी आणीत नाही. तो कागद अण्णांनी माझ्यासमोर फाडला. नातलगाचा राग अजून गेलेला नाही.

कर्जाविषयी थोडे तपशिलाने लिहितो, कारण तो माझा प्रांत. चार लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला स्वतःचा हिस्सा लागत नाही, तारणही लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. शिक्षणकाळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असते. हे ‘पण’ लोक ऐकत नाहीत. समजा बी.पी.एड.साठी दरवर्षी दोन लाख असे चार लाख उचलले आणि व्याज १० टक्के सरळव्याजाने आहे. पहिल्या दोन लाखांवर तीन वर्षांचे ६०,०००, दुसऱ्या दोन लाखांवर दोन वर्षांचे ४०,०००. पहिला हप्ता येईपर्यंत चार लाखांचे पाच लाख झालेले असतात. हे पाच लाख दहा वर्षांत फेडायचे, तर महिना सुमारे ६,६०० रुपये. दहा वर्षांत एकूण भरणा सात लाख नव्वद हजारांच्या पुढे. आता शिक्षण सेवकाचे मानधन आठवा. १८,००० मधून ६,६०० गेले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. आणि ते मानधन मिळाले, तर. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास ही वाढ होत नाही आणि बहुतेक बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलतही देतात. मुलींना आणखी थोडी सवलत असते. फेडीच्या काळात भरलेल्या व्याजावर आयकरात, जुन्या करपद्धतीत, आठ वर्षे वजावट मिळते. २०२४ च्या अखेरीस आलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना केवळ राष्ट्रीय मानांकनातील निवडक संस्थांसाठी आहे. लहान गावातील महाविद्यालय तीत असेलच, असे गृहीत धरू नये.

शुल्कसवलतींचे एक सूत्र ध्यानात ठेवावे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले आहे. परंतु प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला, की सवलत गेली. आपल्या समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्याच्या शिष्यवृत्तीचे अर्जही महाडीबीटीवर असतात. अर्ज न भरण्याचे कारण विचारले, की आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ हे उत्तर मिळते. सवलतीचा अर्ज भरायला लाजणारे घर भूखंड विकायला मात्र लाजत नाही, याचे मला नवल वाटते.

राहिले जिमचे दार. व्यायामशाळेत शिकविण्यासाठी पदवी सक्तीची करणारा कायदा आपल्याकडे नाही. तेथे मालक विचारतो, तुझ्यामागे किती सभासद टिकतील. म्हणून केवळ परभणी-जिंतूर-सेलूच्या जिममध्ये काम करायचे असेल, तर सात लाखांची पदवी हा उलटा व्यवहार आहे. काही महिन्यांचे चांगले प्रमाणपत्र आणि वर्षभर जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी, हे स्वस्त आणि अधिक उपयोगी. मोठ्या शहरात मात्र चित्र बदलते. अमेरिकेतील एन.एस.सी.ए. या संस्थेचे सी.एस.सी.एस. हे नामांकित प्रमाणपत्र मिळवायला पदवी लागतेच. खेळाडूंचा प्रशिक्षक व्हायचे, तर पतियाळाच्या, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या, राष्ट्रीय क्रीडा संस्थेची एक वर्षाची पदविका आजही सर्वांत वजनदार. तिचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही आहे. आणखी एक सावधगिरी अशी, की क्रीडाविज्ञानाची पदवी म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. दुखऱ्या गुडघ्यावर उपचार करणे हा वेगळा, दीर्घ मुदतीचा वैद्यकीय शाखेचा अभ्यासक्रम आहे आणि काही माहितीपत्रकांतील छायाचित्रे मुद्दाम घोटाळा करतात.

जिमच्या कामाच्या वेळा मी अण्णांच्या सुनेला सांगितल्या. पहाटे साडेपाच ते दहा आणि पुन्हा सायंकाळी पाच ते दहा. तिच्या कपाळावर आठी पडली. घरात चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. नात म्हणाली, ‘‘काकू-मावश्यांची बॅच सकाळीच असते, आई. संध्याकाळी मी मुलींना खो-खो शिकवीन, उजेड असेपर्यंत.’’ तिच्या या वाक्यात मला माहितीपत्रकांपेक्षा अधिक अर्थशास्त्र दिसले. लहान गावांत स्त्रियांना व्यायाम हवा आहे, डॉक्टर मधुमेह आणि गुडघ्यांसाठी तो सांगतात, आणि पुरुष प्रशिक्षकांच्या जिममध्ये जायला त्या तयार नाहीत. मानवतसारख्या गावात जाणती स्त्री प्रशिक्षक ही उणीव आहे आणि ती भरून काढण्यासाठी कोणाच्या ‘ऑर्डर’ची वाट पाहावी लागत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी निर्णय झाला. बी.कॉम.ला प्रवेश, घरून. महाविद्यालयाच्या खो-खो संघात पहिल्या वर्षापासून. पहिल्या उन्हाळ्यात फिटनेसचे एक प्रमाणपत्र, ज्याचे पैसे अण्णा मुदत ठेवीच्या व्याजातून देतील. तिसऱ्या वर्षी बी.पी.एड.ची सीईटी, तोवर शाळांच्या भरतीचे काय होते, ते पाहून पुढचा विचार. मी रोज सकाळी स्टेडियमवर चालायला जातो, हे कळल्यावर तिने महिन्यातून एकदा परभणीला येऊन आठ मिनिटांची धाव माझ्याकडून मोजून घ्यायचे ठरविले आहे. पहिल्या वेळी ९२० मीटर झाले.

अण्णांनी खरेदीखत पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले. निघताना म्हणाले, ‘‘मग हा प्लॉट हिच्यासाठीच ठेवतो, इथंच खेळू दे पोरींना.’’ नात दारात बूट बांधीत होती. ती म्हणाली, ‘‘मी पावलांनी मोजलाय तो, आजोबा. खो-खोला सत्तावीस मीटर लांबी लागते. शेजारचा पण घ्यावा लागेल.’’